ताप-खोकल्याची साथ आलीय की नाही, हे दवाखान्यात बसून कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तालुक्याच्या गावात तुमची प्रॅक्टिस आहे. जुलैपासून ताप-खोकल्याचे पेशंट वाढल्यासारखे वाटतात. डॉक्टर मित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जो तो "माझ्याकडेही फार आहेत" म्हणतो. ही साथ आहे की दर पावसाळ्यातली नेहमीची गर्दी, हे आपल्या पातळीवर कळू शकतं का? आणि आठ-दहा दवाखान्यांनी मिळून नोंद ठेवली तर तिचा कोणाला उपयोग होईल का?

कळतं, आणि उपयोगही होतो. मात्र "फार आहेत"च्या जागी आकडा यायला हवा, आणि तो दर आठवड्याला एकाच पद्धतीने काढलेला हवा. सरकारी पोर्टल, पीसीआर (नमुन्यात विषाणू ओळखणारी तपासणी), सिक्वेन्सिंग (विषाणूचा जनुकीय क्रम वाचणं) हे सगळं त्या आकड्यावर उभं राहतं. मी आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि नंतर जिल्ह्याच्या साथरोग सर्वेक्षणात काम केलं. तिथे मशीन बंद पडल्यामुळे जेवढं अडलं, त्याहून जास्त ओपीडीच्या रजिस्टरमध्ये ज्याने त्याने आपापल्या मनाने लिहिल्यामुळे अडलं.

म्हणून आधी मोजायचं काय ते ठरवा. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या सुटसुटीत आहे: मोजलेला ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त, म्हणजे आपल्या थर्मामीटरवर १००.४, सोबत खोकला, आणि आजार गेल्या दहा दिवसांत सुरू झालेला. हा झाला आयएलआय, म्हणजे इन्फ्लुएंझासारखा (फ्लूसारखा) आजार. असाच पेशंट भरती करावा लागला की तो 'सारी'त, म्हणजे श्वसनमार्गाच्या तीव्र संसर्गात, मोजायचा. हा शब्द २०२० मध्ये वर्तमानपत्रांनी घराघरांत पोचवला. आता तुमच्या ग्रुपमधल्या चार दवाखान्यांचे केसपेपर शेजारी ठेवून बघा. एकावर 'व्हायरल', दुसऱ्यावर 'यूआरटीआय' (वरच्या श्वसनमार्गाचा संसर्ग), तिसऱ्यावर 'ताप, अंगदुखी' आणि चौथ्यावर नुसती औषधांची नावं. उपचारात काही चूक नसेल, पण बेरीज कशाची करणार?

लगेच अडचण येते ती पॅरासिटामॉलची. आपला पेशंट मेडिकलमधून गोळी घेऊनच दवाखान्यात येतो, थर्मामीटर लावला तर ९९. त्याला मोजायचं की नाही? माझं मत असं की मुख्य आकड्यात मोजलेला तापच धरा आणि शेजारी वेगळा रकाना ठेवा, 'घरी ताप, गोळी घेतली'. दोन्ही एकात मिसळलं तरी आभाळ कोसळत नाही, पण हंगामाच्या मध्यावर नियम बदलला तर सगळं वाया जातं. या व्याख्येतून म्हातारी माणसं निसटतात, कारण त्यांना फ्लूमध्येही पुष्कळदा ताप येत नाही. तान्ही बाळंही निसटतात. निसटू द्या. ही चाळणी मोजण्यासाठी आहे, औषध द्यायचं की नाही ते तुमच्या तपासणीवरच ठरेल.

दुसरा भाग लोक विसरतात, आणि खरी गोम तिथेच आहे. तुम्ही या आठवड्यात ३० आयएलआय बघितले. कितीपैकी?

ब्रिटनमध्ये हा प्रश्न सुटलेला आहे. तिथे प्रत्येक नागरिक एका फॅमिली डॉक्टरच्या यादीवर असतो. त्यामुळे रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्सचं जाळं अर्ध्या शतकाहून अधिक काळ दर आठवड्याला 'लाख लोकसंख्येमागे इतके' असा दर काढत आलंय. आपल्याकडे पेशंट आज तुमच्याकडे, उतार पडला नाही म्हणून परवा समोरच्या डॉक्टरांकडे आणि तिसऱ्या दिवशी थेट मेडिकलवर. यादी नाही, त्यामुळे लोकसंख्येमागचा दर काढता येत नाही. अपवाद आहेत. पुणे जिल्ह्यात वढूला केईएमच्या संशोधन केंद्राने २००२ पासून आसपासच्या गावांतल्या घराघरांची नोंद ठेवलीय, म्हणून २००९ नंतर तिथे श्वसनाच्या आजाराने भरती होण्याचा खरा दर काढता आला. तुम्हा-आम्हाला तो परवडणारा नाही. आपण भाजक म्हणून त्या आठवड्यातली एकूण ओपीडी घ्यायची: शंभर पेशंटमागे आयएलआय किती.

रोजचा आकडा काढू नका. आठवडी बाजाराच्या दिवशी ओपीडी दुप्पट होते, आणि त्यात गुडघेदुखीवाले, बीपीच्या गोळ्या न्यायला आलेले जास्त असतात. त्या दिवशी आयएलआयचं प्रमाण आपोआप खाली येतं. याच्या उलट दिवाळीत होतं. दवाखाना दोन-तीन दिवसच उघडा, साधं दुखणं लोक पुढे ढकलतात, अंगात ताप असलेलाच तेवढा येतो, आणि प्रमाण उगाचच वर दिसतं. म्हणून सोमवार ते रविवार असा आठवडा धरा आणि दवाखाना किती दिवस उघडा होता तेही लिहा.

नोंद ठेवायला सॉफ्टवेअर लागत नाही. कंपाउंडरच्या टेबलावर एक वही, पानावर तीन रकाने: पाच वर्षांखालचे, पाच ते एकोणसाठ, साठ आणि त्यापुढचे. आयएलआयचा पेशंट बाहेर पडताना तुम्ही केसपेपरच्या कोपऱ्यात गोल केलेला असतो, तो बघून त्याने रेघ मारायची. चार उभ्या, पाचवी आडवी. रविवारी रात्री बेरीज आणि एक मेसेज: एकूण पेशंट, तीन वयोगटांतले आयएलआय, उघडे दिवस. ग्रुपवर नाव, फोन नंबर, रिपोर्टचा फोटो, काहीही टाकायचं नाही, फक्त आकडे. वयाचे गट फार वाढवू नका, तिसऱ्या आठवड्यात कंपाउंडर कंटाळतो आणि अंदाजे भरायला लागतो.

आता आठ-दहा दवाखान्यांनी एकत्र का यायचं, ते हिशेबाने सांगतो. समजा तुमच्याकडे आठवड्याला सरासरी १० आयएलआय येतात. अशा मोजणीत नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार साधारण वर्गमुळाएवढा असतो, म्हणजे तीनच्या आसपास. दुप्पट धरला तर सहा. म्हणजे एखाद्या आठवड्यात १६ आले तरी काही घडलेलंच असेल असं नाही. साठ टक्के वाढ झाली तरी तुम्हाला एकट्याला खात्रीने सांगता येत नाही! दहा दवाखाने एकत्र आले की सरासरी १००, वर्गमूळ १०, दुप्पट २०. आता १२०च्या वर आकडा गेला की कान टवकारायचे. जी वाढ तुम्हाला साठ टक्क्यांना दिसली असती ती दहा जणांना वीस टक्क्यांनाच दिसते, आणि साथ चढत असताना हा फरक एक-दोन आठवड्यांचा असू शकतो. एकच आठवडा वर गेला तर थांबा, सलग दोन गेले तर कळवा. पहिल्या वर्षी तुमच्याकडे मागचं काहीच नसेल, तेव्हा आधीच्या चार-सहा आठवड्यांशी तुलना करा. खरी मजा तिसऱ्या वर्षापासून, जेव्हा याच आठवड्याचे मागच्या दोन पावसाळ्यांतले आकडे हाताशी असतात.

शून्यही कळवायचं. 'या आठवड्यात काही नव्हतं म्हणून पाठवलं नाही' आणि 'डॉक्टर गावाला गेले म्हणून पाठवलं नाही' यातला फरक जिल्ह्याला दिसत नाही. शून्याची किंमत बघायची असेल तर इन्फ्लुएंझा बी या फ्लूच्या प्रकाराच्या यामागाता शाखेकडे बघा. मार्च २०२० नंतर जगात कुठेही तिचा नैसर्गिक संसर्ग खात्रीने आढळलेला नाही. हे सांगता आलं ते जगभरची सर्वेक्षण केंद्रं आठवड्यामागून आठवडे 'नाही' असं लिहीत राहिली म्हणून. त्यावरूनच चार घटकांच्या फ्लू लशीतून ती शाखा काढून पुन्हा तीन घटकांच्या लशीकडे जाण्याची शिफारस झाली.

आता स्वॅब. आयएलआयच्या आकड्यावरून काहीतरी वाढलंय एवढंच कळतं. ते एच१एन१ किंवा एच३एन२ (फ्लूचे उपप्रकार) आहे, आरएसव्ही (मुख्यतः लहान मुलांना त्रास देणारा श्वसनाचा विषाणू) आहे की कोविड, हे पेशंटकडे बघून तुम्ही-मी ओळखू शकत नाही, कितीही वर्षं प्रॅक्टिस असली तरी. सगळ्यांचे स्वॅब घ्यायची गरज नाही आणि ते परवडणारही नाही. थोडेच घ्या, पण निवड स्वतःच्या हातात ठेवू नका. 'जो जास्त आजारी वाटला त्याचा घेतला' असं केलं की हाती येणारा आकडा तुमच्या काळजीचा होतो, साथीचा राहत नाही. एक दिवस ठरवा, मंगळवार म्हणा. त्या सकाळचे पहिले दोन आयएलआय पेशंट, ज्यांचा आजार तीन-चार दिवसांच्या आतला आहे, त्यांचेच. मग समोर पाटील असोत की पारधी वस्तीवरचं पोर.

यासाठी जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांशी आधी बोलावं लागेल, कारण ट्यूब आणि तपासणी दोन्ही तिकडूनच मिळेल. बहुतेक ठिकाणी नमुने सरकारी मेडिकल कॉलेजातल्या व्हीआरडीएलला, म्हणजे विषाणू तपासणाऱ्या प्रयोगशाळेला, जातात. नाकाचा एक आणि घशाचा एक, दोन्ही स्वॅब एकाच व्हीटीएम (विषाणू टिकवून ठेवणारं द्रावण) ट्यूबमध्ये. काडी प्लॅस्टिकची, टोक नायलॉन किंवा डेक्रॉनचं. लाकडी काडीचा कापसाचा बोळा नको, त्याने पीसीआर बिघडतो. ट्यूबमधलं पाणी गुलाबी असायला हवं. पिवळं पडलेलं किंवा गढूळ दिसलं तर ती ट्यूब फेका. घेतल्याबरोबर २ ते ८ अंशांत ठेवा, लस नेतात तसल्याच डब्यात आईसपॅक लावून, पण लशीच्या कुप्यांबरोबर नको. ७२ तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवं. शुक्रवारी संध्याकाळी घेतलेला स्वॅब सोमवारपर्यंत पंचायत समितीच्या आवारातल्या फ्रीजमध्ये पडून राहतो, म्हणून तर मंगळवार म्हटलं.

दोन आकडे जोडले की चित्र कसं बदलतं ते बघा. या आठवड्यात ओपीडीत ८ टक्के आयएलआय, आणि नमुन्यांपैकी २५ टक्के इन्फ्लुएंझा पॉझिटिव्ह. गुणाकार केला तर एकूण ओपीडीतला फ्लू अंदाजे २ टक्के. दोन आठवड्यांनी आयएलआय पुन्हा ८ टक्केच, पण पॉझिटिव्हिटी ५०. ग्रुपवर कोणीही म्हणणार नाही की पेशंट वाढले, आणि तरीही फ्लू दुप्पट झालाय. दुसरा कुठला तरी विषाणू ओसरला आणि याने त्याची जागा घेतली. अर्थात हे तालुक्याच्या चार नमुन्यांवरून ठरवू नका. टक्केवारीला अर्थ यायला जिल्ह्याचे, विभागाचे नमुने एकत्र यावे लागतात.

नुसत्या 'पॉझिटिव्ह किती' या आकड्यावर विसंबण्यात धोका आहे, आणि तो पुण्याने बघितलाय. ३ ऑगस्ट २००९ला स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. त्यानंतर नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या. पुढे केंद्राने पेशंटचे ए, बी, सी असे गट पाडले आणि तपासणी प्रामुख्याने सी गटापुरती, म्हणजे भरती होणाऱ्यांपुरती ठेवली. उपचाराच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण पॉझिटिव्हचा आकडा त्यानंतर साथीइतकाच तपासणीच्या नियमावरही हलायला लागला. कोविडमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर झालं. शंभर पेशंटमागे आयएलआय किती, हा आकडा कुठल्या परिपत्रकाने बदलत नाही. म्हणून तो मला लाडका.

आता 'कोणाला उपयोग' हा भाग. सरकारी यंत्रणा आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प २००४ मध्ये सुरू झाला, महाराष्ट्र पहिल्या टप्प्यातच होता. उपकेंद्राचा एस फॉर्म, डॉक्टरचा पी, लॅबचा एल. २०२१ पासून हे सगळं आयएचआयपी या केंद्राच्या आरोग्य माहिती पोर्टलवर गेलं. सरकारी दवाखाने त्यात भरतात. पण २०१७-१८च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात दिसलं की भरती न होता उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे सत्तर टक्के लोक खासगीत जातात. म्हणजे साथ सुरू होते तेव्हा पहिला पेशंट बहुधा तुमच्यासमोर बसलेला असतो आणि यंत्रणा बघत असते दुसरीकडे. क्षयरोगाच्या बाबतीत ही दरी बुजवायला २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांना नोंद बंधनकारक केली, पुढे निक्षय या क्षयरोगाच्या पोर्टलवर नोंदणीमागे ५०० रुपये दिले. ताप-खोकल्याला असली सक्ती चालणार नाही, पेशंटची संख्याच तेवढी असते. इथे थोडे, राजीखुशीने आलेले, नियमित दवाखानेच कामाचे. फ्रान्समध्ये १९८४ला असंच सुरू झालं: स्वेच्छेने आलेले जनरल प्रॅक्टिशनर टेलिफोनला जोडलेल्या मिनिटेल यंत्रावरून आकडे पाठवायचे. ते सेंटिनेल जाळं आजही चालू आहे.

अशी जाळी मरतात ती एकाच कारणाने. आकडे वर जातात, खाली काहीच येत नाही. डॉक्टर सहा महिने पाठवतो आणि मग विचारतो, कशाला? म्हणून अधिकाऱ्यांशी बोलताना पहिली अट ही घाला की दर आठवड्याला अर्ध्या पानाचा उलट निरोप यायला हवा: जिल्ह्यात आयएलआय इतके टक्के, नमुन्यांत अमुक विषाणू, सारी वाढतेय की नाही. तो निरोप तुमच्या टेबलावर कामाला येतो. या आठवड्यात निम्मे नमुने फ्लूचे निघालेत हे माहीत असेल तर तापाच्या दुसऱ्या दिवशी अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहिणारा हात थबकतो, आणि गरोदर बाई किंवा दम्याचा पेशंट आला तर ऑसेलटामिव्हिर हे फ्लूचं औषध ४८ तासांच्या आत सुरू करायचं धाडस होतं. इंग्लंडमध्ये तर हे नियमातच बसवलंय: सर्वेक्षणात फ्लू फिरतोय असं दिसलं की वरून पत्र निघतं, आणि त्यानंतरच फॅमिली डॉक्टरांना जोखमीच्या पेशंटसाठी सरकारी खर्चाने फ्लूची औषधं लिहिता येतात.

लशीच्या वेळेचंही तेच. आपल्याकडे महाराष्ट्रात फ्लूचा मोठा चढ जुलै ते सप्टेंबर, पावसाबरोबर. काही वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये दुसरा, २०२३च्या फेब्रुवारी-मार्चमधली एच३एन२ची लाट आठवत असेल. श्रीनगरला मात्र मुख्य चढ थंडीत. इथल्या माणसाला ऑक्टोबरात 'आता थंडी येईल' म्हणून लस टोचली तर मोठा हंगाम सरून गेलेला असतो. एप्रिल-मे ही आपली वेळ. हे कळलं ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने आणि इतर प्रयोगशाळांनी वर्षानुवर्षं आठवडेवार नमुने तपासले म्हणून. त्यातले निवडक विषाणू पुढे जागतिक जाळ्यात जातात, आणि फेब्रुवारी व सप्टेंबरच्या बैठकांत लशीचे घटक ठरतात.

आकडा हाताशी असला की घबराटही आवरते. जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही या श्वसनाच्या विषाणूचं नाव टीव्हीवर झळकलं आणि नागपूरपासून मुंबईपर्यंत आईबाप मुलांना घेऊन धावले. हा विषाणू २००१ मध्येच ओळखला गेलाय आणि आपल्या मुलांमध्ये वर्षानुवर्षं फिरतोय. आयएलआय-सारीत नेहमीपेक्षा वेगळी वाढ नाही, असं केंद्राने तेव्हा सांगितलं ते याच आकड्यांच्या जोरावर. तुमच्या वहीत त्या आठवड्याचा आकडा असता तर तुम्हीही समोरच्या आईला तेच छातीठोकपणे सांगितलं असतं.

कधी कधी मात्र जाळ्यात न शोधलेलंच सापडतं. मेळघाटात २०१९ मध्ये दोन वर्षांखालच्या मुलांवर गावपातळीवर लक्ष ठेवणं चालू होतं, उद्देश होता आरएसव्हीने होणारे मृत्यू शोधणं. एका सतरा महिन्यांच्या मुलाच्या नमुन्यात इन्फ्लुएंझा ए निघाला, पण नेहमीच्या उपप्रकारांत बसेना. पुण्याला तपासल्यावर कळलं की तो एच९एन२ आहे, कोंबड्यांतला. भारतात माणसात नोंदला गेलेला पहिलाच. ताप-खोकल्याचं एक पोर, मुंबई-पुण्यापासून कुठल्या कुठे. तिथे नमुना घ्यायची शिस्त नसती तर केसपेपरवर 'व्हायरल' लिहून विषय संपला असता.

म्हणून काही गोष्टी रविवारच्या बेरजेची वाट न बघता त्याच दिवशी फोनवर कळवायच्या. एकाच आश्रमशाळेतले किंवा वसतिगृहातले पाच-सहा जण दोन-तीन दिवसांत तापाने आले. धडधाकट तरुणाचा न्यूमोनिया भराभर वाढतोय. आयसीयूतली नर्स किंवा डॉक्टर स्वतः सारी होऊन भरती झाले. आणि ताप-खोकल्याचा पेशंट पोल्ट्रीत काम करणारा आहे, किंवा घरच्या कोंबड्या पटापट मेल्यात. नवापूरला फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू कोंबड्यांत सापडला. माणसांत लागण आढळली नाही, पण हजार कोंबड्यांच्या शेडमधला कामगार आधी तुमच्याच दवाखान्यात येणार आहे. त्याला 'काम काय करता' हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. असा पेशंट मिळाला तर मास्क लावा, त्याला वेगळं बसवा, स्वॅब स्वतः न घेता जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्यांना लगेच फोन करा. त्यांचा नंबर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून आजच घेऊन कंपाउंडरच्या त्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.